प्रतिसाद : चार जीबीच्या नव्यापेक्षा आठ जीबीचा जुना बरा

दारव्ह्याकडे महाडीबीटीचे फॉर्म, सातबारा, जीमेल आणि यूट्यूब एवढ्यासाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसीचा (साठवणीची चिप) नवा लॅपटॉप घ्यावा का, असं वर विचारलंय. नका घेऊ. विंडोज ११ ची साठवणीची किमान अटच ६४ जीबी आहे, म्हणजे मोठं अपडेट आलं की जागा संपते आणि अपडेट अर्ध्यात अडकतं. त्यात रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

त्यापेक्षा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून पुन्हा विकायला काढलेला) बिझनेस मॉडेल पाहा: इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साठवणीला २५६ जीबी एसएसडी. सातव्या पिढीचा स्वस्त मिळेल, पण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ टाकून बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी ५०,००० आणि फुल चार्ज २५,००० दिसली, तर बॅटरी निम्मी गेली. नवीचे पैसे भावातून कापून घ्या. लोडशेडिंगच्या गावात हे आधी.

क्रोमबुक निव्वळ ब्राउझरला छान, पण डिजिटल सहीचा टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र लावायचं असेल तर बाद. घेतलंच तर सेटिंगमध्ये अपडेटची शेवटची तारीख बघा.

आणि हो, मे महिन्यात कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. कापसाच्या घरात पंख्याची जाळी वर्षातून दोनदा तरी साफ करा.