परशुरामाचा बाण, दहा अवतार आणि आपण कुठून आलो

कुशावतीकाठ
परवा बाणावलीला नातेवाइकांकडे बारशाला गेलो होतो. घरामागे विहीर खणत होते. दोन पुरुष उंचीइतकं खोल गेल्यावर वाळूबरोबर शिंपले वर यायला लागले, घमेलं भरून. किनारा तिथून चांगला वीस मिनिटं चालत. यजमानांच्या वडिलांनी एक शिंपला हातात घेतला आणि म्हणाले, "परशुरामान बाण मारलो आनी दर्या फाटीं सरलो. आतां तुमी मान्यात ना तें वेगळें."

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. बाण पडला ती बाणावली, ही गोष्ट गोव्यात लहान मुलालाही ठाऊक असते. आपण ती भाबडी समजून सोडून देतो. पण गोष्ट सांगते की इथे समुद्र होता, आणि विहीरही तेच सांगते. मग हे कुणीतरी पाहिलं आणि पिढ्यान् पिढ्या सांगत आलं, असं का नसावं? दशावताराचंही तसंच. आधी पाण्यातला मासा, मग पाणी-जमीन दोन्हीकडचं कासव, मग जमिनीवरचा वराह, अर्धा पशू नरसिंह, बुटका वामन, आणि सहावा हातात परशू घेतलेला माणूस. हा क्रम योगायोग म्हणायचा? शिवाय उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेले बैल, हरणं आणि तो भूलभुलैया आहेच. इथला माणूस फार जुना. त्याला आपल्या उगमाबद्दल काहीच आठवत नसेल?

माझं म्हणणं एवढंच की पुराणं म्हणजे गुंडाळून ठेवलेली आठवण आहे. उलगडून तर पाहा.

भरतीओहोटी
उलगडली. बाण उलटा लागला आहे.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. गोव्याचा किनारा तेव्हा कितीतरी किलोमीटर पश्चिमेला. नंतर बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि ६-७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आलं. म्हणजे इथल्या माणसांनी हजारो वर्षं जर काही पाहिलं असेल तर समुद्र पुढे येताना पाहिला, शिकारीची रानं पाण्याखाली जाताना पाहिली. आठवणच सांगायची तर गोष्ट जमीन बुडाल्याची हवी होती. आपली गोष्ट नेमकी उलटी आहे.

आणि "गोवा समुद्रातून वर आला" म्हणाल, तर अनमोड घाटातले खडक ३ अब्ज वर्षांहून जुने आहेत. ते काय परशुरामाची वाट बघत होते?

राहिला माणसाचा उगम. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे आपल्या प्रजातीच्या माणसांचे जे अवशेष मिळाले त्यांचं वय सुमारे ३ लाख वर्षं ठरलं, हे २०१७ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये जुनी कवटी मिळाली. हे सगळं हाडांतून कळलं. तीन लाख वर्षं कुठली गोष्ट टिकत नाही हो. माझ्या पणजोबांचं नावसुद्धा मला घरपट्टीच्या जुन्या पावतीवर सापडलं.

कुशावतीकाठ
तीन लाख मी म्हटलंच नाही. पण सात-आठ हजार वर्षं गोष्ट टिकते, हे आता संशोधकही म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या समुद्र चढल्याच्या कथा २१ ठिकाणच्या तपासल्या गेल्या. नन आणि रीड यांचा तो लेख २०१६ चा. त्यांच्या मते त्या ७ हजार वर्षांहून जुन्या आठवणी आहेत. अमेरिकेत क्लॅमथ लोक एका डोंगराच्या स्फोटाची गोष्ट सांगतात, तो ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला होता. तिकडच्यांची ती स्मृती आणि आमच्या म्हाताऱ्यांचं ते भाबडेपण, असं का?

दुसरं, तुम्ही अर्धंच सांगितलंत. पाणी चढून थांबलं, पण त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर ते थोडं आणखी वर जाऊन पुन्हा थोडं उतरलं, असंही म्हणतात ना? बाणावली-कोलव्याची वाळू तेव्हाचीच असेल.

भरतीओहोटी
हो, म्हणतात. उतार फार तर काही मीटरचा, आणि तोही शेकडो वर्षांत हळूहळू. माणसाच्या एका आयुष्यात तो डोळ्यांना दिसणार नाही. बाणाच्या वेगाने तर नाहीच. पण ठीक, शिंपल्यांपुरतं तुमचं खरं. गोष्टीपुरतं नाही.

पेडण्याची
मला दशावतारावर बोलू द्या, आमच्या घरचा विषय आहे. रात्रभर धयकाले, म्हणजे दशावताराची नाटकं, बघून वाढले मी. आडदशावतारात, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर राक्षस येतो, मालवणीत फटकेबाजी करतो, लोक हसून लोळतात. माशाकडे कुणाचं लक्ष नसतं. उत्क्रांती तर लांबच.

थट्टा पुरे. जो क्रम तुम्ही पुरावा म्हणून देताय तो मुळात पक्का नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात अवतारांची यादी आहे. तिथे वराह दुसरा, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. मासा डुकराच्या मागून येतो! तिथे नारद आहेत, कपिल आहेत, मोहिनीसुद्धा आहे. शतपथ ब्राह्मणात मनूला वाचवणारा मासा विष्णूचा अवतार नाही. महाभारताच्या वनपर्वात तो मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो. कासवाचं रूप शतपथात प्रजापती घेतो. वेगवेगळ्या काळच्या वेगवेगळ्या गोष्टी पुढे एका दोऱ्यात ओवल्या गेल्या.

आणि "ही उत्क्रांतीच" असं प्रथम कधी म्हटलं गेलं? डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी हे लिहिलं १८७७ मध्ये, बंगालात केशवचंद्र सेन बोलले १८८२ मध्ये. त्याआधी हजार-दीड हजार वर्षं इतके टीकाकार होऊन गेले, एकालाही ते दिसलं नाही. उत्तर हातात आल्यावर गणित जुळवणं सोपं असतं.

आसगावचो
बाई, कुणाला दिसलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. हॉल्डेनसारखा जीवशास्त्रज्ञ, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिलेला, त्यालाही अवतारांत उत्क्रांतीची ढोबळ कल्पना दिसली. तो काय अंधभक्त होता? आपलं काही चांगलं दिसलं की लगेच चिरफाड करायची, ही आपल्या शिकलेल्यांची जुनी खोड. ग्रीकांच्या कथांवर असं कुणी तुटून पडत नाही.

पेडण्याची
तुटून पडतात की. आणि हॉल्डेननी "ढोबळ कल्पना" म्हटली, तर ढोबळच राहू द्या. कासवानंतर डुक्कर आणि डुकरानंतर सिंह-माणूस अशी आपली वंशावळ नाही. डुक्कर आपला आजोबा नव्हे, लांबचा भाऊबंद. नरसिंहाला अर्धवट माणूस म्हणाल तर प्रल्हादाची गोष्टच हातची जाते. ना माणूस ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. वराच्या शब्दांतली फट शोधणाऱ्या देवाची ती गोष्ट आहे. तिच्यात जीवशास्त्र कोंबलं की तिची सगळी हुशारी मरते. मला राग त्याचा येतो, पुराणाचा नाही.

खाजनवाला
उशिरा आलो, मानसाची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी बदलत होतो.

तुम्ही सगळे समुद्र मागे सरल्याचं बोलताय. आमच्याकडे तो रोज दोनदा मागे सरतो आणि दोनदा आत यायला बघतो. त्याला बाहेर ठेवतो तो बांध. भरतीला मानसाची दारं पाण्याच्याच रेट्याने बंद होतात, ओहोटीला उघडतात. आत कोरगूट भात पिकतो, मानसाच्या तोंडाशी जाळं लावून मासळी मिळते. गोव्यात अशी खाजनं १७-१८ हजार हेक्टर आहेत. ही जमीन खरोखर समुद्राकडून घेतलेली आहे. बाणाने नव्हे, चिखलाच्या टोपल्यांनी. परशुरामाच्या गोष्टीत आठवण असेलच तर मला ती ह्या कामाची वाटते.

पण त्याहून जास्त मला ती सातबारा वाटते. आपल्या भाषेत एक-चौदाचा उतारा. सह्याद्रिखंड हे पुराण बघा, आपल्याच गेर्सन द कुन्हांनी १८७७ मध्ये मुंबईत छापून आणलं ते. समुद्र हटवल्यावर परशुराम लगेच काय करतो? कुळं आणून बसवतो. गोव्यातली परंपरा हिशेब सांगते: सासष्टीत ६६, तिसवाडीत ३०. सासष्टी म्हणजे सहासष्ट, तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. खाली केरळात जा. तिथेही हाच परशुराम, तिथे बाणाऐवजी परशू फेकतो, आणि तिथेही लगेच गावांची मोजणी: ६४ ग्रामं. एकच माणूस दोन किनाऱ्यांवर समुद्र हटवतो आणि दोन्हीकडे तलाठ्याचं काम करतो! माणूस कुठून आला हे ती गोष्ट सांगतच नाही. जमीन कुणाची, ते सांगते. समुद्रातून नवी काढलेली जमीन म्हटली की आधीचा मालक उरत नाही, हे ध्यानात घ्या.

दामोदर कोसंबी गोव्याचेच. गावकरीवर, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेवर, त्यांनी लिहिलं ते पायी हिंडून. पुराण वाचताना नांगर कुणाच्या हातात होता ते विचारा, ही दृष्टी मी तरी त्यांच्याकडून घेतली.

जाता जाता: विहिरीचं पाणी गोडं लागलं की मचूळ?

आसगावचो
म्हणजे शेवटी जातीवर आलातच.

खाजनवाला
मी जमिनीवर आलो, पात्रांव. जात तुम्ही आणलीत.

रोयण
मी केप्याची, शाळेत शिकवते. इतका वेळ नुसती वाचत होते. वर कुणीतरी "इथला माणूस फार जुना" म्हणून उसगाळीमळचं नाव टाकलं आणि पुढे निघून गेलं. जरा थांबा तिथे.

त्या कातळावर शंभरावर चित्रं आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली, पण काठावरच्या लोकांना काहीतरी कोरलेलं आहे हे ठाऊक होतं. काळावर अजून वाद आहे, कुणी मध्याश्मयुग म्हणतं, कुणी बरंच अलीकडे आणतं. खाली लेख नाही, नाव नाही. त्या बैलाला, त्या चक्राला आपण मनातला अर्थ चिकटवतो. भूलभुलैया जगात इतरही ठिकाणी आहेत, म्हणून सगळी माणसं एका भूलभुलैयातून निघाली असं होत नाही.

आमच्या अंगणाच्या कडेला एक रोयण, म्हणजे वारूळ, आहे. माझ्या आज्जीच्या हयातीत तिला कुणी कुदळ लावली नाही, अजूनही लावत नाही. सातेर देवी तीच. देवळात गाभाऱ्यात वारूळ वाढलं तर ते मोडायचं नाही, देवीच वाढते आहे म्हणायचं. आज्जीला विचारलं होतं, आपण कुठून आलो? ती म्हणाली, "मातयेंतल्यान. आनी खंयच्यान?" मातीतून, आणखी कुठून? त्यात समुद्र नव्हता, बाण नव्हता, कुणी आणून बसवलेलंही नव्हतं. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इथे उगमाची एवढी चर्चा चालली आहे, पण त्यांच्या घरात काय सांगतात ते एकानेही विचारलं नाही. मलाही आज्जी गेल्यावर सुचलं, हेही खरं.

कुशावतीकाठ
रोयणताई, हे लागलं. माझ्या नावात कुशावती आहे आणि मी त्या कातळावर दोनदाच गेलोय, दोन्ही वेळा फोटो काढायला.

दशावताराचं मी मागे घेतो, भागवतातली यादी काल रात्री काढून पाहिली, वराह खरंच दुसरा आहे. समुद्राचं मात्र घेत नाही. भरतीओहोटी म्हणतात तसं पाणी हळूहळू उतरलं असेल, पण आजोबाने दाखवलेली पाण्याची खूण आणि नातवाला दिसलेली कोरडी वाळू, एवढं पुरतं गोष्ट जन्माला यायला. बाण नंतर कुणी घातला असेल. खाजनवाले म्हणतात तसा उताऱ्यासाठीही घातला असेल.

भरतीओहोटी
पुरतं कदाचित. सिद्ध होत नाही.

कुशावतीकाठ
नाहीच होत. आणि खाजनवाल्यांना उत्तर राहिलं होतं: मचूळ. चार दिवस पंप लावून उपसतायत, अजून फरक नाही.