आठवड्यात घरी, महिन्यात कामाला: हे कुणी ठरवलं?

रंकाळ्याची_राणी: ट्रान्स बायकांसाठी योनी घडवायच्या ऑपरेशनवर तिकटीवरच्याची इथली पोस्ट वाचली: "पुण्यात व्हजायनोप्लास्टी करा, आठवड्यात कोल्हापूर, महिन्यात कामाला." आणि खाली नुसते टाळ्यांचे इमोजी! अहो, पाच-सात दिवसांनी पॅकिंग (आत भरलेली पट्टी) अन् कॅथेटर (लघवीची नळी) निघतो, तिथनं पुढं खरं काम. डायलेटर, म्हणजे पोकळी आकसू नये म्हणून आत घालायची दांडी, दिवसातून साधारण तीनदा, दर वेळी वीस-तीस मिनिटं, पहिले तीन महिने तरी. धुणं-पुसणं धरून दिवसाचे दोन-अडीच तास. जेल पाण्यातलंच, व्हॅसलीन नको. उताणं झोपून टोक आधी पाठीकडं कलतं ठेवायचं, पुढचं हाड ओलांडलं की सरळ. जोर लावला की स्नायू आवळतात. थांबायचं, श्वास सोडायचा, मग पुढं. सुरुवातीच्या आठवड्यांत टाळाटाळ केली तर पोकळीची गेलेली डेप्थ परत मिळवणं अवघड. दोन खोल्यांत पाच माणसं असतील तर कडी लागणारी खोली कुठली, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा.

तिकटीवरचा: किती घाबरवाल ताई? सगळ्यांना पोकळी पाहिजेच असं कुणी सांगितलं? झिरो डेप्थ करा, म्हणजे फक्त बाहेरचा आकार, आत पोकळी नाही; डायलेटरची कटकटच नाही.

रंकाळ्याची_राणी: करा की. पण नंतर मन बदललं तर कातडी संपलेली असते, मग आतड्याचा तुकडा नाहीतर पोटाच्या आतलं अस्तर वापरायची पाळी. हे पण लिहा पोस्टमध्ये.

शाहूपुरी_वॉर्ड: दोघंही तंबाखू विसरलात. आपल्याकडं "मी सिगरेट ओढत न्हाई" म्हणणारीच्या गालात मावा असतो, सकाळी मिश्री वेगळीच. निकोटीन कुठल्याही वाटेनं गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतं. योनी करायला आत वळवलेली कातडी आधीच थोडक्या रक्तावर तगलेली. पुरवठा कमी पडला की कडा काळ्या पडतात, टाके उसवतात. आधी आणि नंतर किमान चार-सहा आठवडे पूर्ण बंद. पॅच, च्युइंगमसुद्धा निकोटीनच. काही सर्जन कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासतात, तिथं थाप चालत नाही.

गंगावेस_गडी: गुटखाबंदी २०१२ पासून हाय, तरी टपरीवर पुड्या लटकल्यात. आधी त्यांच्यावर बोला!

तिकटीवरचा: व्हय, आता टपरीवाल्यानं टाके उसवले! मावा न खाणाऱ्यांचे पण योनीच्या तोंडाच्या खालच्या कोपऱ्यात उसवतातच.

शाहूपुरी_वॉर्ड: उसवतात, मान्य. तिथं ताण जास्त असतो. छोटं असेल तर धुऊन स्वच्छ ठेवलं की काही आठवड्यांत भरतं. लालसर मांस वाढून रक्त येत असेल तर क्लिनिकमध्ये सिल्व्हर नायट्रेट लावतात, घरी काही चोळायचं नाही. पण योनीतनं हवा किंवा संडास येऊ लागली तर फिस्टुला, म्हणजे आतडं अन् योनीमधलं भोक, असू शकतो. डायलेशन थांबवा, त्याच दिवशी सर्जनला फोन.

गंगावेस_गडी: मिश्रीवर तर कुणी बोलतच न्हाई. आमच्या गल्लीत म्हाताऱ्याच काय, कॉलेजच्या पोरी...

तिकटीवरचा: ए बाबा, पुरे. बरं ताई, महिना नाही, वर्षभर झोपवून ठेवूया का?

रंकाळ्याची_राणी: बसून काम असेल तर दीड-दोन महिने. उभ्यानं किंवा वजन उचलून असेल तर तीन. आणि परतीच्या हायवेवर तासातासाला गाडी थांबवून चालायचं, नाहीतर पायात गुठळी. पोस्टमधला "महिना" खोडा आधी.

तिकटीवरचा: खोडला. खूश?

गंगावेस_गडी: आणि टपऱ्यांचं कोण लिहिणार?