'पात्र' की 'लाभार्थी'? नाटकातला एक शब्द पडद्यावर नेताना

प्रश्न : आमच्या गावच्या पोरांनी बसवलेल्या नाटकावर पटकथा लिहून राहिलो. काळा विनोद आहे. बापाच्या तेरवीच्या दिवशी पोरगा तहसिलातल्या बाबूला विचारतो, "साहेब, माहा बाप पात्र झाला का?" यवतमाळकडे या वाक्याला पेंडॉल हसतो आणि लगेच चूप होतो. मुंबईचे निर्माते म्हणतात, 'लाभार्थी' करा. चालेल का?

उत्तर : नाही भाऊ, मुळीच नाही. लाभार्थी म्हणजे पैसा घेणारा, तो जिवंत असतो.

'पात्र' हे 'पा' म्हणजे पिणे या धातूवरून आलं, म्हणून आधी भांडं. त्यावरून नदीचं पात्र, दान घ्यायला लायक तो सत्पात्र, आणि नाटकातलं पात्र. सरकारी अर्थ त्या लायकीतून आला. २००६ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला १ लाखाची मदत सुरू झाली, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. जिल्ह्याची समिती नापिकी, कर्ज, तगादा तपासते. तिथून 'पात्र आत्महत्या', 'अपात्र आत्महत्या' हे शब्द पेपरात आणि पेपरातून आमच्या बोलण्यात आले. फाईल मरणाला पात्र म्हणते. तुमच्या पोराने तो शब्द बापाला लावला, म्हणून हसू फुटतं आणि घशातच अडकतं.

आमच्या शेजारी मक्त्याने वावर करणारा एक जण गेला. सातबारा दुसऱ्याच्या नावाने. 'अपात्र' लिहिलेला कागद त्याच्या बायकोने भिंतीवरच्या आरशामागे खोचला. वेणी घालताना रोज त्याचा कोपरा दिसतो तिला.

प्रश्न : पण नाटकात मेलेला बाप समोर येऊन म्हणतो, "मी तं नाटकातलं पात्र हावो." ते सिनेमात कसं करू?

उत्तर : ते सोडावं लागेल. मंचावर नट डोळ्यासमोर असतो, म्हणून तो अर्थ आपोआप उभा राहतो. पडद्यावर तोच संवाद नुसती कोटी वाटेल. त्याऐवजी कागदावरचा शब्द जवळून दाखवा. नदीचं कोरडं पात्र दाखवायचा मोह होईल, तो टाळा. आणि हसू थांबेपर्यंत मंचावरचा नट थांबतो, सिनेमात ती जागा संकलनात ठेवावी लागते. प्रश्नानंतर बाबूच्या तोंडावर कॅमेरा राहू द्या.

आणखी एक. 'पात्र ठरला का' असं सुधारू नका. 'झाला का'च ठेवा. दहावीचा निकाल लागल्यावर पोरगं पास झालं का विचारतात, त्याच सुरात तो विचारतो.