मॅग्नेट्रॉनचं श्रेय एकट्या रँडल-बूटना का?

जुना_व्हॉल्व्ह: रडारचा विषय निघाला की जॉन रँडल आणि हॅरी बूट ही जोडी येतेच. २१ फेब्रुवारी १९४० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांचा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारसाठी आखूड रेडिओलहरी निर्माण करणारी पोकळ्यांची निर्वात नळी, चालला. तरंगलांबी १० सेंमीच्या आत, शक्ती चारेकशे वॅट. मान्य. पण जर्मनीत हान्स होलमननं अनेक पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनचं पेटंट १९३५ मध्येच मागितलं होतं. मग शोधक इंग्रजच कसे? युद्ध जिंकले म्हणून?

खडूस: पेटंटनं विमान दिसत नाही हो! जर्मनांनी फ्रीक्वेन्सी सरकते म्हणून मॅग्नेट्रॉन बाजूला ठेवला आणि क्लिस्ट्रॉन या दुसऱ्या प्रकारच्या लहरी-नळीची कास धरली. १९४३ च्या फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ पडलेल्या ब्रिटिश बाँबरमध्ये तो सापडला, तेव्हा झोप उडाली.

जुना_व्हॉल्व्ह: बरं, होलमन सोडा. लेनिनग्राडला अलेक्सेयेव आणि माल्यारोव यांनी १९३६-३७ मध्येच ९ सेंमीवर ३०० वॅट काढून दाखवले. ते काय कागदावर?

खडूस: नाही. पण ते छापून आलं १९४० मध्ये, तेही रशियनमध्ये. रँडल-बूट वेगळ्याच वाटेनं गेले. हर्ट्झच्या तारेच्या कड्याचं जुनं सूत्र घेतलं: तरंगलांबी म्हणजे व्यासाच्या ७.९४ पट. त्यावरून तांब्याच्या ठोकळ्यात १.२ सेंमीची सहा भोकं पाडली. उचलेगिरी नाही ती.

तांबट: दोघांचंही चुकतंय. बर्मिंगहॅमचा नमुना आतली हवा काढायला सतत पंप लावून चालवावा लागे, वर अवजड विद्युतचुंबक. तो विमानात कसा नेणार? एरिक मेगॉनं वेम्बलीत त्याची सीलबंद, सुटसुटीत नळी केली. पॅरिसहून मॉरिस पोंटनं मे १९४० मध्ये ऑक्साइड कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर ऑक्साइडचा लेप देण्याची) युक्ती आणून दिली, ती त्यात घातली, आणि स्पंदांत दहा किलोवॅटच्या घरात शक्ती मिळू लागली. युद्धातलं गुप्त तंत्रज्ञान अमेरिकेला दाखवायला गेलेल्या ब्रिटिश टिझार्ड मिशननं सप्टेंबरमध्ये सोबत नेली ती मेगॉची नळी. माझ्या मते खरा मानकरी तोच.

खडूस: मेगॉ उत्तम अभियंता, वादच नाही. पण मूळ ठोकळा समोर नसता तर सीलबंद काय केलं असतं?

तांबट: आणि तो प्रयोगशाळेतच पडून राहिला असता तर? १९४९ मध्ये ब्रिटिश सरकारनं ३६,००० पौंडांचं बक्षीस रँडल, बूट आणि सेयर्स यांना दिलं. सेयर्सनं १९४१ मध्ये पोकळ्यांमधले एकाआड एक भाग तारांनी जोडून नळीचं एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारणं थांबवलं, म्हणजे सुधारणेलाही पैसे मिळाले. मग मेगॉ का नाही?