सॅच्युरेशन 98 आहे तरी पेशंटला ऑक्सिजन कमी पडतोय, असं कसं?

जीएनएम_थर्डइयर: मेडिकल वॉर्डला पोस्टिंग चालूए. एक बाई अ‍ॅडमिट आहेत, एचबी (हिमोग्लोबिन) 5, पल्स 124, बसल्या जागी धापा टाकतायत आणि बोटाला प्रोब लावला की 98. सिस्टर म्हणाल्या टिश्यू हायपॉक्सिया आहे, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय. मग हे 98 कशाचे? हायपॉक्सियाचे चार प्रकार पाठ आहेत पण डोक्यात काही शिरत नाहीये

नाईटड्युटीवाली: अगं प्रोब एवढंच सांगतो की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय, मुळात आहे किती ते त्याला कळतच नाही. पाचच एसट्या आल्या, पाचही फुल्ल, पण स्टँडवर पंधरा गाड्यांची माणसं उभी. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिली ऑक्सिजन नेतं, म्हणजे एचबी 15 ला 100 मिली रक्तात 20 मिली आणि 5 ला जेमतेम साडेसहा, म्हणून तर हृदय एवढं पळतंय. आणि ओठ निळे पडायची वाट बघू नकोस, त्यासाठी साधारण 5 ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं, हिच्याकडे एकूणच 5 आहे!

जीएनएम_थर्डइयर: मग मास्क लावून उपयोग काय?

इंटर्न_कॅज्युल्टी: थोडाफार, विरघळलेला ऑक्सिजन जरासा वाढतो. खरा इलाज रक्त, तेही सावकाश, जुना अ‍ॅनिमिया असेल तर घाईत चढवलं की फुफ्फुसात पाणी. शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलं की, उलटं, एचबी चांगलं, सॅच्युरेशन चांगलं, पण माल पोचतच नाही. तिथे नख दाबून सोड, रंग यायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले, लघवी तासाला किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली गेली, मघाशी नीट बोलणारा माणूस बरळायला लागला, की आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) बोलव. लॅक्टेटचा (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) रिपोर्ट नंतर येईल.

जुनाखोडकर: गॅस गिझरच्या केस विसरू नका, थंडीत येतातच. बंद बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेला पेशंट, आणि प्रोब आपला 99 दाखवतोय, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही. इथे मात्र मास्कच औषध. साध्या हवेत रक्तातला तो वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, 100 टक्के ऑक्सिजनवर साधारण दीड.

नाईटड्युटीवाली: +1. आणि रेस्पिरेशन पूर्ण मिनिट मोजा गं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) शीटवर अख्ख्या वॉर्डाचं 20 लिहून मोकळ्या होऊ नका