मदत हवी आहे: जमिनीलगतचा चेंडू गोलकीपरच्या अंगाखालून जातो

प्रश्न १४ वर्षांच्या गोलकीपरचा आहे. छातीवरचे चेंडू तो नीट पकडतो. अंगठे मागे जवळ, बोटं पसरलेली. कंबरेखालचे चेंडूही करंगळ्या जुळवून छातीशी घेतो. अडतंय ते दीड-दोन मीटर बाजूने सरपटत जाणाऱ्या फटक्याला.

आधी गुडघा टेकतो, मग जागेवरच खाली बसतो. हात पोचेपर्यंत चेंडू बगलेखालून गेलेला! खरं तर चेंडूकडच्या पायाचं पाऊल तिरकं पुढे पडायला हवं, मग पोटरी, मांडी, कुशी, खांदा या क्रमाने अंग टेकायचं. खालचा हात चेंडूमागे, वरचा चेंडूवर. बसून किंवा गुडघ्यांवरून सराव घेतला की हे अगदी बरोबर करतो. उभा राहिला की पुन्हा तेच. फटका बसतो त्या क्षणी वजन टाचांवर असतं, तेही नडत असावं.

मैदान मुरमाचं आहे. कोपर सोलण्याची धास्ती हे खरं कारण असेल, असा माझा अंदाज.

गुडघ्यांवरून उभं राहण्याच्या मधल्या टप्प्यात उकिडवं बसवून सराव घ्यावा का? एका बाजूला किती वेळा? आणि गादीवर शिकवलं तर मुरमावर पुन्हा बिचकेल का?