मेड कॅफेत होस्ट व्हायला हो म्हणून बसली, आता पाहुण्यांना काय म्हणू न आईला काय सांगू?

केचपवाली_पोट्टी:
नमस्कार, मी नागपूरचीच, बीएस्सी सेकंड इयर. डिसेंबरात इथे एका हॉलमध्ये दोन दिवसांचं अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) कन्व्हेन्शन होऊन राहिलं, त्यात एका कोपऱ्यात मेड कॅफे लावणार आहेत, म्हणजे मेडचा झालरवाला ड्रेस घालून पोरी गिऱ्हाईकांना घरच्या मालकासारखं वागवतात तसं, मला होस्ट म्हणून विचारलं न मी विचार न करता हो म्हणून बसली. आईला सांगितलं तर ती म्हणे मेड म्हणजे कामवाली नं, त्यासाठी शिकवून राहिलो का तुला. बाबांनी टीव्हीवरून नजरच नाही हटवली.
दुसरं म्हणजे ते जपानी स्वागत. ‘ओकाएरिनासाइमासे गोशुजिन-सामा’ (घरी आलात, या मालक) पाठ केलं, पण अर्ध्या लोकांना कळणार नाही म्हणून ऑर्गनायझर म्हणतात मराठीतही म्हण. आता ‘या मालक’ म्हटलं तर सावजीच्या भोजनालयात गिऱ्हाईक बोलावून राहिली असं वाटते हो. पैसे नाहीत, फक्त पास फ्री न सर्टिफिकेट. सकाळी दहा ते रात्री आठ. कोणी केलंय का आधी?

धरमपेठची_मीरा:
मी पुण्यात शिकायला होती तेव्हा दोनदा केलंय, म्हणून जरा लांब लिहून राहिली.
आधी आईचं. तिला सांग की हे नाटकातलं काम आहे. टोकियोत अकिहाबारा नावाचा भाग आहे, आधी इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट, आपल्या सिताबर्डीसारखी गर्दी, मग तिथे अ‍ॅनिमे-गेमवाले जमायला लागले. तिथे २००१ मध्ये पहिलं कायमचं मेड कॅफे निघालं, क्युअर मेड कॅफे. एकदम शांत, लांब स्कर्ट, चहा-केक. उड्या मारणं, ‘मोए मोए क्युन’ (जेवण चवदार व्हावं म्हणून म्हणायचा लाडिक मंत्र) वगैरे प्रकार नंतर वाढले. तुझ्या ऑर्गनायझरला कोणतं पाहिजे ते आधी विचार, कारण ड्रेस त्यावर ठरते. रेडिमेड पॉलिस्टरचा घेऊ नको, हॉलमध्ये हजार लोक घुसले की डिसेंबरातही घाम निघते. गांधीबागेतून कॉटन आण, टेलरला फोटो दाखव, खिसा लावायला सांग (हे सगळे विसरतात न मग दिवसभर मोबाईल कुठे ठेवायचा). आतून स्लॅक्स. बूट नवे असतील तर आठ दिवस घरात घालून फिर, माझ्या टाचांची पहिल्याच दिवशी सालं निघाली होती.
आता महत्त्वाचं. हात लावायचा नाही, नंबर मागायचा नाही, न विचारता फोटो नाही. हे तिकडच्या कॅफेतही असते, मेन्यूवरच लिहिलेलं असते, म्हणून तुमच्या प्रत्येक टेबलावर मोठ्ठ्या मराठीत लिहून ठेवा. फोटोसाठी तिकडे ‘चेकी’ असते, इन्स्टंट कॅमेऱ्याचा फोटो, मेड त्यावर पेननं चित्र काढून देते न त्याचे वेगळे पैसे. ते मला खूप पटलं कारण कागदाची एकच कॉपी निघते. मोबाईलनं काढला की तो कुठे कुठे फिरते, आपल्या हातात काही नाही. माझा एक फोटो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला होता, काकूंनी हळदी-कुंकवाला विचारलं!
न दहा तास फुकट? नाही बाई. दोन-दोन तासांच्या पाळ्या माग, जेवण न रात्री घरी जायचे पैसे माग. सर्टिफिकेटनं ऑटो येत नाही.

बर्डीचा_बंटी:
ऑम्लेटावर केचपनं नाव लिहितात नं? माझं नाव ज्ञानेश्वर आहे, येतो मी.

इतवारी_लोकल:
आईच्या बोलण्यावर एक सांगतो, राग मानू नका. माझी आई चार घरी धुणं-भांडी करते. तिला मी असा फोटो दाखवला होता तर ती पोट धरून हसली, म्हणे ही झालर घालून भांडे घासले तर पहिलं झालरच धुवा लागन. मग म्हणे हिला बसायला खुर्ची देतात का? तिचा प्रश्न तेवढाच होता. ताई म्हणून राहिल्या ते पाळीचं तेवढं पक्कं कर. न तुझ्या आईनं ‘कामवाली’ ज्या सुरात म्हटलं ते मला थोडं लागलं, पण ठीक आहे, तू नाही म्हटलंस.

जपानी_शिकतोय_एनफोर:
‘मालक’ सोड. ‘ओकाएरि’ म्हणजे घरचं माणूस बाहेरून आलं की घरातलं माणूस म्हणते ते, आपलं ‘आलात का?’ तेच. मेड कॅफेची सगळी मजा त्यातच आहे, गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं तरी ते परतच आलेलं असते. म्हणून ‘आलात का! या, बसा, पाणी आणते’ एवढं बस. मुली आल्या तर ‘ओजोउ-सामा’ असते, तिथे ‘आलात का ताईसाहेब’ चालून जाईल, थोडं नाटकी पाहिजेच. निघताना ते ‘इत्तेराश्शाइमासे’ म्हणतात, म्हणजे ‘जाऊन या’. आपल्याकडेही कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणते. किती जुळते पाहा, इंग्रजीत सांगताना तर आमच्या क्लासमध्ये सगळे अडखळतात.
आणि ऑम्लेटसोबत पॅनकेकही ठेवा, अंडं न खाणारे भरपूर येतील.

केचपवाली_पोट्टी:
दादा ‘जाऊन या’ वाचून अंगावर काटा आला, हे डोक्यातच नव्हतं. इतवारी दादा, सॉरी. आईला तुमच्या आईचा झालरवाला डायलॉग सांगितला, ती हसली न मग थोडा वेळ गप्प होती.
पाळ्यांचं बोलली, दोन तासांवर आले, ऑटोचे पैसे देतो म्हणे, बाकी पाहू म्हणतात. ‘पाहू’ म्हणजे नाहीच समजते मी.
पोळीवर केचपनं प्रॅक्टिस करून राहिली. ‘सई’ मस्त जमते, ‘ज्ञानेश्वर’ला पोळी पुरत नाही, ‘श्व’ ताटात जाते. बंटीभाऊ, तुम्ही ‘बंटी’च सांगजा तिथे.
न काल बाबा ऑफिसातून आले तर दारात उभी राहून म्हटलं, आलात का, या, बसा, पाणी आणते. बाबा चप्पल काढता काढता थांबले न म्हणे, किती पाहिजेत?